हलगीच्या ठेक्यावर पाऊल

२ फेब्रुवारी
हे आज पुन्हा उंबऱ्यात थांबले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. कंपवातात असं होतं. मागे मी, हातात कचऱ्याची बादली, पुढे वाट नाही. रोज चालले नाहीत तर खुर्चीच येईल, असं डॉ. मला एकटीला म्हणाले. ह्यांना सांगितलेलं नाही.

५ फेब्रु.
व्यायाम शिकवणारी फिजिओ मुलगी आली. कानात ताल ठेवून चाला, त्यावर पाऊल पडतं म्हणाली. मोबाइलवर टिक-टिक लावून दिली. हे म्हणाले, "घड्याळाबरोबर कोण चालतंय?" अंगणात दोन फेऱ्या, मग कानातलं काढून मोबाइलसकट खिशात. आमचं दुकान तरी ह्यांनी कधी वेळेवर उघडलं होतं?

९ फेब्रु.
ह्यांचे जुने मित्र चन्नप्पा आले. तरुणपणी दोघे एकाच लेझीम पथकात. ते हलगीवर, हे पहिल्या रांगेत. जुन्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग होतं त्यांच्याकडे. ते ह्यांच्या कानात लावलं आणि स्वतः बाहेर उभे राहून कानडीत "बारो, बारो", ये ये, करत हाताने बोलवायला लागले. ओलांडला उंबरा! गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मी मागून जवळजवळ पळत.

१० फेब्रु.
कालचं कौतुक जास्तच झालं. आज मध्येच हलगीचा ठेका बदलला, तसे हे भर गल्लीत लेझीमच्या डावात खाली बसले. हात वर, हातात लेझीम नाही. उठता येईना. किराणावाल्याने आणि मी धरून उभं केलं. काय झालं विचारलं तर, "ठेका बदलला की. बसायलाच पाहिजे." हसत होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मलाही आवरेना. घरी येऊन गुडघ्याला हळद लावली.

१४ फेब्रु.
चन्नप्पांनी आमच्या गच्चीवर नुसता चालायचा ठेका वाजवून रेकॉर्ड केला. घामाघूम. "सरळ वाजवायचं लई अवघड हाय वैनी. हात आपोआप वळतोय."

२० फेब्रु.
रोज चौकापर्यंत. पाऊल नीट उचलतंय. फिजिओ खूश. मी चप्पल बदलली, जुनी चावत होती.

२३ फेब्रु.
मोटारसायकल ह्यांच्या कोपराला घासून गेली. हॉर्न मी ऐकला, ह्यांनी नाही. कानातलं काढून घेतलं. फिजिओला फोन केला तर, "एकाच कानात घालायचं, काकू." आधी सांगायला काय झालं होतं!

२४ फेब्रु.
भीतीने आज कानात काहीच घालू दिलं नाही. मी शेजारून "एक-दोन, एक-दोन". अर्ध्या गल्लीत अडले. "तू मधेच भाजीचं काढतीस, पाऊल चुकतंय." काढलं असेन. लग्न झाल्यापासून बोलतेच आहे, कधी चुकलं नाही पाऊल. वाईट वाटलं. रात्री जेवताना मी बोलले नाही, तर विचारतात, "बरं न्हाय का?"

१ मार्च
एका कानात हलगी, दुसरा मोकळा. चार दिवस ठीक चाललंय. आज चपला घालून म्हणाले, "तू येऊ नको. एकटाच जाऊन येतो."
"पडलात म्हंजे?"
"पडलो तर उठवतील की कुणीतरी. तू किती दिवस मागं-मागं येणार?"
आयुष्यभर, असं ओठांवर आलं होतं. भीती वाटत होती, आणि त्यांना जायचं होतं.
दारात उभी राहिले. हलगी त्यांच्या कानात, मला फक्त चपलांचा आवाज. वळणापर्यंत एकसारखा. मग दिसेनासे झाले.
आत येऊन हे लिहितेय. बाहेर कुठलाही हॉर्न वाजला की पेन थांबतंय. आत्ताही