'विथ'चं मूळ आणि माझा फ्लेक्स

सोम. ३ नोव्हें.
सुट्टीनंतर दहावीचा पहिला तास. पोरं पेंगत पेंगत सुरात घोकत होती, 'विथ म्हणजे च्या सोबत'. पुस्तकं मिटायला लावली. सांगितलं, फार जुन्या इंग्रजीत 'विथ' म्हणजे विरुद्ध. सोबतीला वेगळा शब्द होता, 'मिड'. तो मेला, उरला फक्त मिडवाइफमध्ये. बाळंतिणीसोबतची बाई, म्हणजे आपली सुईण. संस्कृतातला 'वि', वियोगातला, तोही 'विथ'च्याच कुळातला, लांबचा भाऊ. पोरं चक्क जागी झाली. डायरेक्टर सर दारात उभे. क्लास त्यांचा, कान सगळीकडे.

बुध. ५
सरांची केबिन. "मॅडम, झकास होतं. विथ संस्कृतातून आला, बरोबर ना?"
म्हटलं, नाही सर. दोघांचं मूळ एक. भाऊ आहेत, बाप-लेक नाहीत.
"तेच ते. पालकांना भाऊबिऊ कळत नाही."
रविवारी पालकांसमोर माझं व्याख्यान. हॉल बुक. मला विचारायची पद्धत नाही.

शुक्र. ७
मुलुंड स्टेशनबाहेर फ्लेक्स. दरवर्षी तिथे टॉपर्सची थोबाडं लागतात, यंदा माझं. 'इंग्रजीचा बाप संस्कृत! प्रा. स्नेहल मॅडम यांचा शोध.' शोध म्हणे. आणि प्राध्यापक कधी झाले मी? गाल इतके गोरे केलेत की ओळखच पटेना. शिसारी आली.
घरी कळलं, फोटो बाबांनीच दिला. स्थळांसाठी काढलेला. शिवाय फ्लेक्सखाली उभं राहून स्वतःचाही काढून घेतला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सोबत मालवणीत, "माझ्या चेडवान शोध लावल्यान." चेडू, म्हणजे लेक, म्हणजे मी.

शनि. ८
सरांना फोन. ते वाक्य काढा.
"उद्या तेवढं एक बोला, मग तुमचं भाऊबिऊ काय ते. नाही जमत तर सोमवारपासून दुसऱ्या मॅडम बघतो." केवढा गोड आवाज. दहावीची बॅच परीक्षेच्या तोंडावर सोडवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.
संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, भडकतील. टीव्हीचा आवाज जरा कमी केला फक्त. "लोकांका आवडला मां? मगे असांदे."
सरांची किळस येते, ती येऊ दे. बाबांचीही आली. जेवले नाही.

रवि. ९, सकाळ
खोटं वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. सहज जमलं. याचीच सगळ्यात घाण वाटली. मग खरं म्हणायला गेले, तर अडखळले.
बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले, रिक्षा थांबवलीय. पहिल्या रांगेत बसणार आहेत. जाताना दारातून म्हणाले, "बाय, तुका काय बोलूचा ता बोल. फोटोच्या वेळाक मात्र हास."
हाका मारतायत. निघते.