कोपऱ्यातली चार अक्षरी सकाळ

मंगळवार, ४ मार्च

ऊना हॉस्पिटलमधून घरी आली. हात ठीक आहे, पाय जरा ओढते. शब्द मात्र गेलेत. सगळे नाही, फक्त नावं. पक्षाघाताच्या झटक्याने नेमकी तीच उचलून नेली! किटली समोर होती आणि नाव सापडेना. शेवटी म्हणाली, "ती... पोटात समुद्र, नाकात शिट्टी."

तिची मुलगी मेरिन ॲडलेडहून आली आहे. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला मात्र वाटलं, इतकी वर्षं ही बाई आमच्या साप्ताहिकात शब्दकोडी रचतेय, त्यातला हा सगळ्यात सुंदर क्लू!

माझंही नाव गेलंय. तिची कोडी पेन्सिलीने सोडवून तपासणारी मी आता "खोडरबरवाली".

गुरुवार, १३ मार्च

वाचा-उपचाराची बाई चित्रं घेऊन आली. कंगवा दाखवला. ऊना म्हणाली, "टकल्याच्या घरी बेकार." बाईंनी फुली मारली. फुली!

बाई गेल्यावर मेरिन म्हणाली, "आई, माझ्याकडे चल. इथे एकटी काय करशील? घराला आग लागली तर 'आग' तरी म्हणता येईल का तुला?"

"येईल," ऊना म्हणाली. "ती... लाल जीभ... लाकूड खाते..."

"तोवर घर खाऊन होईल!"

ऊनाच हसली आधी. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि ईस्टरवर बोट ठेवलं. ईस्टरच्या अंकाचं मोठं कोडं दरवर्षी तीच करते. तिने आधी टेबलावरच्या एका जुन्या कोड्यावर, मग स्वतःवर, मग जमिनीवर बोट ठेवलं. कोडं झालं तर मी इथेच.

मेरिनने कॅलेंडरवरची तारीख बघितली. मग म्हणाली, "एकटीने करायचं. हिने मदत करायची नाही." 'हिने' म्हणजे मी.

रविवार, २३ मार्च

मेरिन परत गेली. रोज संध्याकाळी फोन करते. मी दुपारी जाते.

ऊनाकडे एक पद्धत आहे. छापायला देण्याआधी कोडं मी सोडवायचं, तिच्यासमोर, पेन्सिलीने. तिने तोंड उघडायचं नाही. मी कुठे अडते, कुठे चिडते, हे ती नुसतं बघते. एकदा मी एका शब्दावर अख्खी दुपार घालवली. ती समोर बसून स्वेटर विणत होती. "एक अक्षर तरी सांग!" म्हटलं, तर म्हणाली, "दुसऱ्याचा चौकोन भरायचा नसतो. तो त्याचा असतो."

आता मी गप्प बसते आणि ती अडते. पट्टीने रेघा आखते, अक्षरं बसवते, खोडते. गंमत म्हणजे बरेचसे शब्द लिहिता येतात, बोलायला गेलं की पळतात. आज "नांगर" साठी तासभर लागला. मला तो शब्द तिच्या ओठांवर येताना दिसत होता. मी शिंपल्यांचं सारण भरलेल्या स्कॅलप पायचं ताट घट्ट धरून बसले. दुसऱ्याच्या चौकोनात न जाणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, २४ मार्च

वारा. आमच्या पेंग्विन गावात सगळ्यांचे कपडे शेजाऱ्यांच्या कुंपणावर. ऊनाने सात क्लू लिहिले!

बुधवार, २ एप्रिल

सगळं झालं. उजवीकडचा खालचा कोपरा सोडून.

तिथे "मॉर्न" येतोय, इंग्रजीत चार अक्षरं. सकाळचं कवितेतलं नाव. बोलताना आता कोणी म्हणत नाही, जुन्या कवितांत आणि कोड्यांच्या कोपऱ्यांत तेवढा उरलाय. अडचणीच्या जागी नेमका बसतो म्हणून ऊनाकडे तो वर्षातून एकदा तरी येतोच. आणि एक क्लू ती दुसऱ्यांदा वापरत नाही.

मी तिची कोडी तपासायला लागले तेव्हाचा आठवतो: "दूधवाला हिला ओळखतो, कवी फक्त ऐकून आहे (४)." तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यातला: "आता एकाच कपाची (४)." लोकांनी तक्रारी केल्या होत्या, हा काय क्लू झाला म्हणून. मी घरी येऊन रडले होते. मी पुस्तकं लिहिते. एवढ्या कमी शब्दांत मला कधी काही सांगता आलेलं नाही.

सोमवार, ७ एप्रिल

कोपरा तसाच. ऊना लिहिते, वाचते, डोकं हलवते, "जुना" म्हणते. संपादक डॅरिल दारात येऊन गेला. "ऊना, नाहीतर सिडनीहून विकतचं कोडं मागवू का? नुसतं विचारतोय हं!" तिने त्याच्या अंगावर खोडरबर फेकलं. माझं.

संध्याकाळी मेरिनचा फोन मीच घेतला. ती हळूच म्हणाली, "तू सांगून टाक ना तिला. कोणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," मी म्हटलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हणजे तिलाही आईने इथेच राहावं असं वाटतंय! भीतीमुळे म्हणवत नाही, एवढंच.

खरं सांगायचं तर माझ्याकडे एक क्लू तयार होता. चांगला होता. घरी येऊन फाडला.

बुधवार, ९ एप्रिल

ऊनाने दार उघडलं तेव्हा कालच्याच कपड्यांत होती. मला बसवलं, पेन्सिल दिली, समोर बसली. मी सोडवत गेले. शेवटचा क्लू:

"आजारी माणूस जागून हिची वाट बघतो, कवी दहाला उठून हिच्यावर लिहितो (४)."

मी इतकी हसले की चहा सांडला. मग हसता येईना. चारही अक्षरं भरली. ती माझ्या हाताकडे बघत होती. एकही शब्द उसना नाही, एकही जुना नाही. काय बाई आहे ही!

गुरुवार, १७ एप्रिल

छापून आलं! बेकरीत तीन बायका त्याच कोपऱ्यावर भांडत होत्या. मेरिनचा फोन आला: "हरले. आई, राहा तिथेच. मी महिन्यातून एकदा येईन."

ऊनाने फोन ठेवला आणि खुर्चीत सरळ बसली. राणीसारखी.

शनिवार, १९ एप्रिल

सकाळी गेले तर दारात तिची बॅग भरलेली. मेरिनकडे चालली आहे. कायमची. अगं पण आपण जिंकलो ना, मी म्हटलं. ती शब्द शोधत राहिली. मी थांबले. खूप वेळ थांबले.

"मला कोणी... नेणार नाही," ती म्हणाली. "मी... जाणार."