उठावंसं वाटणं

आई, तुझी पाठ दुखायची, तिथूनच सुरुवात करते, कारण तिथवरचं सगळं साधं होतं. सातपूरच्या कारखान्यात तू दिवसभर प्रेस मशीनवर उभी असायचीस. घरी आलीस की ओट्याला दोन्ही हात टेकून मान खाली घालायचीस आणि मग पोळपाट काढायचीस. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दुखण्यावरच्या कॅप्सूल दिल्या, चिठ्ठी मागितली नाही. पाठ दुखायची थांबली. पुढे पाठ दुखत नसतानाही कॅप्सूल चालू राहिल्या, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तू चिडत नव्हतीस, भांडत नव्हतीस, उलट शांत झाली होतीस. शेजारणी म्हणायच्या, बाई किती समाधानी आहे.

त्यातला एक दिवस मला नीट आठवतो. मी तिसरीत आहे. शाळेत पडून हनुवटी फुटली आहे, रक्त गणवेशावर आलं आहे. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मेथी निवडत बसली आहेस. मी हाक मारते. तू वर बघतेस, खरंच मायेनं बघतेस, आणि म्हणतेस, "आले हं, बाळा." मग पुढची काडी खुडतेस. मी उभीच आहे. पुन्हा हाक मारते, तू पुन्हा तेच म्हणतेस. शेवटी शेजारच्या काकूंनी मला दवाखान्यात नेलं. तू रागावली नाहीस, हाकलून दिलं नाहीस. नुसती उठली नाहीस. काही महिन्यांनी मी डाळीच्या डब्यातली तुझी कॅप्सूलची पट्टी संडासात टाकली, तेव्हा मात्र तू धावलीस. मला आयुष्यात एकदाच मारलंस ते त्या दिवशी. गालापेक्षा ते धावणं जास्त लागलं. म्हणजे तुझे पाय चालत होते.

मी सोळा वर्षांची असताना तू झोपेतच गेलीस. मग मी फार्मसी शिकले, आणि आता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. नुकत्याच व्यालेल्या मादीची पिल्लं आम्ही घरट्यातून उचलून पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतो. एरवी ती एकेक पिल्लू तोंडात धरून परत आणते, सगळी आणल्याशिवाय टेकत नाही. तुझ्या कॅप्सूलसारखं अफूच्या जातीचं औषध दिलेली मादी मान उचलते, पिल्लांच्या दिशेनं हुंगते, कधी अर्ध्या वाटेपर्यंत जाते आणि परत येऊन पडते. मेंदूत एक यंत्रणा असते, एखाद्या गोष्टीसाठी उठावं की नाही हे तिथं ठरतं. पिल्लाचा वास, त्याचं ओरडणं तिथंच पोचतं. औषधही तिथंच पोचतं, आणि जास्त जोरात. मग पिल्लू ऐकू येतं, ओळखूही येतं, पण उठावंसं वाटत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना वारंवार सांगते. पिंजरा धुताना स्वतःलाही सांगते.

यंदा मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बाबांच्या घरात ते करणारं कुणी नाही, म्हणून इगतपुरीची मावशी माझ्याकडे येऊन राहिली. सिझेरियन झालं. दुखण्यासाठी सलाईनमधून इंजेक्शन दिलं, ते रीतसरच देतात, डोस थोडा असतो. बाटलीवरचं नाव मी वाचलं. तुझ्या कॅप्सूलमधलंच औषध होतं. थोड्या वेळात पोटातून ऊब वर चढत गेली. शेजारच्या पाळण्यात मुलगी रडायला लागली. मला ऐकू येत होतं. तिला भूक लागली आहे हे कळत होतं. ते रडणं पलीकडच्या इमारतीतून आल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं मला काहीही वाईट वाटत नव्हतं.

"अगं, पोर रडतीय," मावशी म्हणाली, "बघ तरी तिच्याकडं."

"बघतेय."

"बघतीस, पन हात कुठं हलतोय तुझा?"

मग तिनंच मुलीला उचलून माझ्या अंगाशी लावलं आणि पुटपुटली की एवढी शिकलेली बाळंतीण, पन दूध पाजायला हमालीण लागती. मी हसलेही असेन. दुपारनंतर औषध उतरलं, टाके दुखायला लागले, आणि त्या दुखण्याबरोबर रडणंही जवळ आलं. तेव्हा मात्र मी घाबरले. एवढ्याशा डोसनं हे होत असेल, तर तुझ्या इतक्या वर्षांचं काय, हा विचार आला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की मी तुझीच मुलगी आहे.

मावशीनं मुलीला पाळण्यात ठेवलं. मग म्हणाली, "तुझी आई अशीच बघायची." आई, तिनं तुला पुष्कळ सुनावलं होतं म्हणे, आळशी म्हटलं होतं, पोरीची माया नाही म्हटलं होतं. औषधानं खरंच असं होतं का, असं तिनं मला विचारलं. मी उंदरांचं सांगितलं, सोपं करून.

"मग मी तिला उगाच बोलले," मावशी म्हणाली. "लय बोलले गं."

मी म्हटलं, "उगाच नाही, मावशी. माझी हनुवटी फुटलीच होती."

ते मला अजूनही बरोबर वाटतं. तुझ्या मेंदूत काय झालं हे मी समजावू शकते, पण त्या मेथीच्या जुडीसमोर उभी असलेली मुलगी ते ऐकायला थांबलेली नाही. घरी येताना डॉक्टरांनी त्याच औषधाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, दुखलं तरच घ्या म्हणाले. बहुतेक बायकांना त्यानं काहीच होत नाही, हेही मला माहीत आहे. मी नवऱ्याला आणू दिल्या नाहीत, साध्या गोळ्या मागवल्या. मावशीला हा हट्ट वाटतो. मुलगी रडली की मी कुशीवर होते, भिंतीला हात लावते आणि उठते. दुखतं. थकवा इतका की कधी पाळण्यापाशी गेल्यावर का आले हे आठवत नाही. पण गेलेली असते.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या आणि दुखतंय का म्हणून विचारलं, इंजेक्शन हवं असेल तर देते म्हणाल्या. मुलगी तेव्हा जागी होती, माझ्याकडे बघत होती. दुखत नव्हतं. मी हो म्हणाले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.