खातो का ते समोर बसून बघ

॥ श्री ॥

इंटरनॅशनल सिटी, दुबई
२० एप्रिल २०२५

ती. ताईस,
दत्तूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझा इथला मित्र मोईन याने रत्नागिरीहून परत येताना आणून दिलं. फोन आहे, रविवारी बोलतोही. पण मी कशी आहेस विचारतो, तू बरी आहे म्हणतेस, की खलास. तुझं लग्न झालं तेव्हा नानांनी महिन्याला एक पत्र लिहायची शिस्त लावली, ती सुटली नाही हे बरं. भाऊजी गेल्यापासून तर तुझं पत्र आल्याशिवाय मला महिना उलटल्यासारखा वाटत नाही.

इकडे सर्व ठीक. साधनाचं ऑफिस चालू आहे. उन्हं तापायला लागली. मी गुरुवारी बर दुबईच्या गल्लीतून दत्ताला हार आणतो, तेवढ्या फुलांच्या वासापुरतं गाव भेटतं.

आता मुद्द्याचं. इरा जूनमध्ये चौदाची होईल. वाढदिवसाला तिला साप हवा आहे. बरोबर वाचलंस, साप. बिनविषारी, इथल्या कायद्यात बसणारा, कागदपत्रांसकट मिळतो. वर्षभर ती त्यावर पुस्तकं वाचते आहे. मी मराठीत नाही म्हणतो, ती इंग्रजीत का विचारते. शेवटी हो म्हणालो. पण चांगला, निरोगी साप ओळखायचा कसा? दुकानदार तर सगळेच चांगले म्हणणार. आपल्या गावचा मोहिद्दीन, माझ्या बाकावर बसायचा तो, वनखात्यासाठी साप धरतो ना अजून? त्याला विचारशील?

नागपंचमीला ये म्हणतेस. बघतो. इथे माणसं श्रद्धेने इन्शाल्ला म्हणतात, मी मात्र टाळायचं असलं की म्हणतो, हे मलाही कळतं.

तुझा,
दत्तू

॥ श्री ॥

करंजवडी, जि. सातारा
४ मे २०२५

चि. दत्तूस,
अ. आ. सौ. साधनास व चि. इरास आशीर्वाद.

पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साप, आणि तोही विकत! इथे घरात निघाला तर घालवायला माणूस बोलवतात, आणि माझा शहाणा भाऊ पैसे मोजून घरात घेणार. बावीस वर्षं पंचमीला मी पाटावर गंधाने नागोबा काढते, लाह्या-दूध ठेवते, त्याला भाऊ म्हणते. कारण खरा भाऊ दुबईत. त्याच नागोबाला तू काचेच्या पेटीत घालणार. मग मी कुणाला पुजू, पेटीला?

एवढं बोलून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली आणि गावी गेले. तुझ्या सापापायी मला माहेर दिसलं. आई गेल्यावर पहिल्यांदाच. आपल्या घराच्या पायरीवर थोडा वेळ बसले. कुलूप गंजलंय. पंचमीला गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. माझ्या माहेराला कुलूप, आणि किल्ली तुझ्या दुबईत. आई गेल्यापासून चार पंचम्या मी सासरच्याच उंबऱ्यात काढल्या. यंदा पाचवी. तू कुलूप काढून दे, दिवसभर पायरीवर बसते आणि परत येते, जास्त काही मागत नाही.

मोहिद्दीन भेटला. गारुड्यांकडून सोडवलेले साप तो बरे करून रानात सोडतो, त्यामुळे आजारी साप त्याला लांबून कळतो. तो म्हणाला, डोळे स्वच्छ हवेत. कात टाकायच्या वेळेला धुरकट होतात, तेव्हा घेऊच नये. नाकातोंडाशी बुडबुडे नकोत, तोंड नीट मिटलेलं हवं, खवल्यांत काळे ठिपके दिसले तर त्या पिसवा. पाठीवरून बोट फिरवायचं, कणा वर आलेला असेल तर साप उपाशी. हातात घेतला की त्याने जीभ काढून वास घेतला पाहिजे, मनगटाला विळखा घातला पाहिजे, सुटायला धडपडला पाहिजे. गप्प पडून राहतो तो शांत नसतो, त्याच्यात जोर नसतो. आणि शेवटचं त्याने दोनदा सांगितलं, की दत्तूला म्हणावं दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. खातो का ते समोर बसून बघ.

आपल्या लहानपणी पंचमीला गारुडी यायचा, त्याचा नाग किती शांतपणे दूध प्यायचा, आठवतं? आईने डोळ्यांना पदर लावला होता. मोहिद्दीन म्हणतो, त्याला आधी कित्येक दिवस उपाशी आणि तहानलेला ठेवलेला असायचा. दूध सापाचं अन्नच नाही, तहानेपोटी प्यायचा आणि पुढे मरायचा. त्याच्या बायकोने, झुबेदाने, भाकरी वाढली होती, ती मला जाईना. निघताना मोहिद्दीन म्हणाला, ताई फार वाळलीस. मी म्हटलं, माझ्या पाठीवरून बोट फिरवू नकोस, मी काही विकायला नाही.

माझी काळजी नको. जेवण वेळेवर आहे. पंचमी २९ जुलैला आहे.

आठवण ठेव,
ताई

॥ श्री ॥

दुबई
१ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साप घेतला. आधी सगळं ऐक, मग बोल.

शारजाला एका दुकानात गेलो. मोहिद्दीनने सांगितलेलं सगळं इराने इंग्रजीत करून फोनमध्ये लिहून घेतलं होतं. दुकानदाराने दोन साप दाखवले. एक पांढुरका. हातात घेतला तर जपमाळेसारखा लोंबत राहिला. ना धडपड, ना जीभ. मला तो एखाद्या विरक्त माणसासारखा वाटला. मनात म्हटलं, हाच. माझे हातही जोडले गेले. तुझं पत्र दोनदा वाचून गेलेला मी, आणि तरी मला तीच भूल पडली जी आपल्याला गारुड्याच्या नागाची पडली होती.

इरा मात्र म्हणाली की बाबा, तो शांत नाही, तो थकलाय, पाठीवरून बोट फिरव. फिरवलं. कणा विळ्याच्या पाठीसारखा लागला.

दुसरा नारंगी, अंगावर तांबडे पट्टे. त्याने इराच्या मनगटाला असा विळखा घातला की सोडवेना. शेपूट थरथरवून राग दाखवला, जिभेने तिची बाही, घड्याळ, सगळं तपासलं. दुकानदार म्हणत होता की दोघंही मस्त खातात. इराने सांगितलं, आमच्या समोर खायला द्या. मेलेला उंदीर चिमट्यात धरून आणला, तेव्हा मी तोंड फिरवलं. तर ती म्हणाली, मोहिद्दीनकाकांनी बघायला सांगितलंय. म्हणून बघितलं. नारंग्याने झडप घालून घेतला. पांढुरक्याने मान बाजूला टेकवली आणि तशीच ठेवली. त्याला डॉक्टरकडे न्यायला इराने दुकानदाराला बजावलं. संध्याकाळी दिवा लावताना मला तो अजून आठवतो.

नारंगी घरी आला. साडेचारशे दिरहम, म्हणजे आपले साडेदहा हजार. हे वाक्य तू वाचलं नाहीस असं समजतो. वेटोळं घालून बसतो म्हणून इराने नाव ठेवलंय जिलबी. साधनाने अट घातली की पेटीला कुलूप हवं आणि त्याचं खाणं आमच्या फ्रीजमध्ये नको. मोईनने त्याच्या वर्कशॉपमधला जुना छोटा फ्रीज दिला. साधना अजून पेटीसमोरून जाताना त्याला यल्ला, म्हणजे चल, आत जा, म्हणून दरडावते.

पंचमीच्या रजेचं साहेबांना अजून विचारलं नाही. जुलैत कामं फार असतात. डिसेंबरात नक्की येऊ.

तुझा,
दत्तू

॥ श्री ॥

करंजवडी
१४ जून २०२५

चि. दत्तूस,
अ. आ.

पत्र पोचलं. साप चांगला मिळाला, आनंद झाला. इराला शाबासकी.

तुला जमेल तेव्हा ये. डिसेंबर म्हणतोस तर डिसेंबर. घाई काही नाही. किल्ली जपून ठेव म्हणजे झालं.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर आहे.

सर्वांना आशीर्वाद.

ताई

॥ श्री ॥

दुबई
२८ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. एका पोस्टकार्डावर मावलं असतं. साधना म्हणाली, बरं झालं, ताई समजुतीने घेतात. मलाही आधी तसंच वाटलं.

मग जिलबीची पेटी पुसताना हात थांबला. सापाचं नाव जिलबी ठेवलं, आणि तू एक टोमणा मारला नाहीस? साडेदहा हजारांवर गप्प? डिसेंबर म्हटल्यावर मागच्या वर्षी तू दोन पानं सुनावली होतीस, त्याच्या मागच्या वर्षी तीन. ताई, तुझ्या पत्रात विळखा नाही. पांढुरक्या सापासारखं ते माझ्या हातात नुसतं लोंबलं.

तुझी सगळी पत्रं काढली. भाऊजी गेल्यापासूनच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य, जेवण वेळेवर आहे. त्याआधी तू कधी जेवणाचं लिहीत नव्हतीस. काय केलं ते लिहायचीस, वरणफळं केली, शेजारणीला वाटीभर दिली. तीन वर्षांत एका पदार्थाचं नाव नाही. झुबेदाची भाकरी जात नव्हती, मोहिद्दीन वाळलीस म्हणाला, हे तूच लिहिलंस आणि मी ते सापाच्या माहितीसाठी वाचलं. सापाच्या बाबतीत दुकानदाराचा शब्द घ्यायचा नाही हे शिकायला शारजापर्यंत गेलो, आणि बहिणीच्या बाबतीत तो घेत राहिलो.

आज सकाळी दत्तापुढे बसलो, काही मागता येईना. किल्ली त्याच तसबिरीमागे खिळ्याला आहे. रोज पूजेत तिला हात लागतो. चार वर्षं मला वाटायचं, मी ती सांभाळतोय.

तिथून सरळ साहेबांकडे गेलो. जुलैअखेरीला रजा हवी म्हटलं. दोन मिनिटांत मिळाली. नाही म्हणाले असते तर बरं, इतकं मला ते लागलं. बावीस वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं.

तिकिटं काढली. २६ जुलैला इरा आणि मी निघतो. साधनाला सुट्टी नाही. जिलबीचं पाणी ती बदलणार आहे, लांब दांड्याच्या चिमट्याने. इराने पहिल्यांदाच मला विचारलं की आत्याशी मराठीत काय काय बोलायचं. मी म्हटलं, विचार, आज काय जेवलीस.

रागव, पण खरं लिही.

तुझा,
दत्तू

॥ श्री ॥

करंजवडी
१२ जुलै २०२५

चि. दत्तूस,
आशीर्वाद देणार नव्हते. नानांची शिस्त म्हणून अ. आ.

मला सापाच्या पंगतीला बसवलंस! मोठी बहीण हातात लोंबली म्हणे. आणि जिलबी हे काय नाव? उद्या शेजारीण विचारेल तुमच्या भाचीकडे काय पाळलंय, तर मी काय सांगू, जिलबी उंदीर खाते? साडेदहा हजारांत एक दुभती शेळी आली असती, जिलबीपेक्षा गुणाची. वाक्य वाचू नकोस म्हटलंस म्हणून चारदा वाचलं.

खरं लिही म्हणतोस, तर लिहिते. एकटीसाठी दोनदा चूल पेटवायचं मन होत नव्हतं. सकाळची भाकरी संध्याकाळी दुधात कुस्करायची. मग तीही नको वाटायला लागली. जेवण वेळेवर होतं हे खोटं नाही, वेळेवर ताट घेत होते. जूनमध्ये देवापुढून उठताना चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. तुला कळवलं असतं तर तू घाबरून आला असतास, आणि मला तू घाबरून आलेला नको होतास. नुसता आलेला हवा होतास.

तुझं पत्र आल्यापासून रोज स्वयंपाक करते. काल वरणफळं केली. नाव लिहिलं, बघ. शेजारीण म्हणाली, पाहुणे आलेत का? मी म्हटलं, यायचेत.

मोहिद्दीन घराच्या कुलपात तेल घालून आला, झुबेदाने ओटा सारवून ठेवते म्हणून निरोप धाडलाय. सामानात किल्ली टाकू नकोस, खिशात ठेव. इराला सांग, पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. तिचा हात लागू दे.

आदल्या दिवशी, चतुर्थीला, भावाचा उपास. बावीस वर्षं तो मी पाटावरच्या नागोबाला नैवेद्य दाखवून सोडला. तो काही बोलत नाही, म्हणून बरा वाटायचा. यंदा पाट आपल्या घरात मांडते, नागोबा काढते, आणि पाटासमोर तू बस. मी जेवते की नाही ते बघ, आणि मध्येच तोंड फिरवू नकोस. दिंडं मी चार खाते.

येईपर्यंत माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई