सर्व्हरचा मुहूर्त

३० सप्टेंबर १९९६, सोमवार. सावदा.
आमच्या केळी संघाचं नेटवर्क आज सुरू. ऑफिसातल्या सर्व्हरवर कापणीची यादी टाकायची, ती आवारापलीकडे लोडिंगच्या खोलीत, बागांत मजूर धाडणाऱ्या भिकनच्या स्क्रीनवर आपोआप दिसणार. शनिवारची चाचणी झकास झाली होती. पण चेअरमन जीवराम नाना ऐन वेळी अडून बसले, पितृपक्षात नवं यंत्र सुरू करायचं नाही म्हणून. मी गुपचूप सर्व्हरची तारीख मागे नेली. स्क्रीनवर १६ सप्टेंबर, गणेश चतुर्थी पाहून नानांनी नारळ फोडला. डोकं लागतं.

१ ऑक्टोबर
भिकन सांगत आला, यादी शनिवारनीच शे. गडी धुळ्याकडचा, कंप्युटर नवा. दुर्लक्ष केलं.

२ ऑक्टोबर. सुटी, तरी गेलो.
यादी खरंच जुनी. माझ्या प्रोग्रॅमची चूक असणं शक्यच नाही. भिकनकडे आहे त्यापेक्षा नवी फाईल असेल तरच प्रोग्रॅम ती उचलतो, इतका चोख. म्हणजे दोष कर्नेलमध्ये, मशीनच्या गाभ्यात. ते अमेरिकेत लिहिलेलं. अख्ख्या जिल्ह्यात ते उघडून बघायची छाती फक्त माझी.

३ ऑक्टोबर
टायपिस्ट पुष्पाबाई रोजची यादी कागदावर लिहून भिकनकडे पाठवते. मला शरमेने मान खाली घालावी लागते. शनिवारी सासऱ्यांचा, तोताराम आबांचा नंबर. त्यांचं नाव मी कागदावर घालू दिलं नाही. ते नेटवर्कनेच जाईल. घरच्यांनीच विश्वास ठेवला नाही तर बाकीचे काय ठेवतील?

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
कर्नेलमध्ये सोळा ओळी बदलल्या. नवं कर्नेल बनायला पूर्वी दोन तास लागायचे, आज अर्ध्या मिनिटात आटोपलं. म्हणजे माझ्या सुधारणेने वेगही वाढला.
यादी जुनीच. आबांकडे मजूर गेले नाहीत.

७ ऑक्टोबर
आणखी चाळीस ओळी. पुन्हा अर्धा मिनिट. पुन्हा जुनी यादी.
आबांचा निरोप आला: घड भरलेत, फार तर दोन दिवस दम धरतील. झाडावर पिकलेली केळी दिल्लीच्या ट्रकमध्ये कोणी घेत नाही. वर्षाची मेहनत आहे. सुनंदा म्हणाली, बाबांचं नाव कागदावर लिहायला हात मोडतो का? तिला समजावलं की दोष सापडल्यातच जमा आहे. तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. उद्यापासून चिडायचं नाही, असा निश्चय.

८ ऑक्टोबर
पुष्पाबाई म्हणते, छापलेल्या यादीवर तारीख मागची येते. मी गाभ्यात शिरलोय आणि हिला तारखेचं पडलंय. चिडलो.

९ ऑक्टोबर
अमेरिकेला सहा पानी पत्र लिहिलं. तुमच्या कर्नेलमध्ये गंभीर दोष आहे, दुरुस्ती सोबत जोडली आहे. पोस्टात टाकलं. रात्रभर आबांची बाग डोळ्यांपुढे. भीती वाटते.

१० ऑक्टोबर, सकाळी ११
पुष्पाबाई हटूनच बसली, म्हणून सर्व्हरवर आजची तारीख घातली आणि यादी पुन्हा टाकली. दोन मिनिटांत भिकन धावत आला. नवी यादी आलेली.

त्याच दिवशी, दुपारी २
माझे बदल नव्याने साठवून कर्नेल पुन्हा बनवलं. दोन तास लागले. मागची तारीख असल्यामुळे मशीनने माझे बदल जुने समजून हातही लावला नव्हता. दहा दिवस चाललं ते मूळचंच कर्नेल. त्यात माझी एकही ओळ नव्हती, आणि दोषही नव्हता.
मजूर आबांकडे रवाना केले.

११ ऑक्टोबर
मजूर कालच रिकाम्या हातांनी परतले. आज सुनंदाबरोबर बागेत गेलो. घड पिवळे पडलेत, वटवाघळांनी फोडलेत. आबांनी विचारलं, जावईबापू, दोष नेमका होता कुठे? सुनंदा माझ्याकडे बघत होती. म्हटलं, अमेरिकेत.
आबा म्हणाले, एवढा मोठा देश, एखाद्या वेळी चुकायचंच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग त्यातल्या त्यात चांगले दोन घड निवडून त्यांनी स्वतः माझ्या स्कूटरला बांधून दिले.