रांगेतलं गरम इंजिन

३ मार्च, मंगळवार

‘मधल्या वयाच्या गाड्यांच्या मालकांनो! नव्या कोऱ्या गाडीला चार वर्षं धुराची तपासणी माफ. तीस वर्षांपुढच्या हौशी गाडीला कायमची माफ. म्हणजे शोरूममधून आलेली सुटली, संग्रहातली सुटली — आणि रोज राबणारी आपली गाडी तेवढी दरवर्षी आरोपी!’

रविवारच्या गाडीमालकांच्या सभेत अशी सुरुवात करायची. आरशासमोर म्हणून पाहिली. जमली! शेवटी मागणी एकच — आम्हालाही सूट द्या. दादा खूश. त्याची प्रवासी भाड्याची गाडी अकरा वर्षांची. म्हणाला, “लहानपणी जेवतानासुद्धा तुझी टकळी चालायची. आता तरी उपयोग होऊ दे तिचा!”

५ मार्च, गुरुवार

दादाबरोबर तपासणी केंद्रावर गेले. रांग पार कोपऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाचं इंजिन चालू! मेकॅनिकचा सगळ्यांना एकच मंत्र — इंजिन तापलेलं असलं की धूर कमी दिसतो, गार झालं की नापास. म्हणून तासन्‌तास उभ्याउभ्या गाड्या तापवायच्या. स्वच्छ हवेसाठी लागलेल्या रांगेत मला श्वास घेववेना.

भिंतीपलीकडे धाकटी बहीण शिकवते ती बालवाडी. खिडक्या गच्च बंद. ती फाटकापर्यंत आली, घोगऱ्या आवाजात म्हणाली, “दादा, जरा बंद कर ना.” दादा म्हणाला, “आणि नापास झालो तर? तुझी पोरं भाडं देणार का मला?” ती हसली. खोकतच आत गेली.

दुपारी मशीन बंद पडलं. पुढच्या गुरुवारी या म्हणाले.

६ मार्च

धाकटीला डॉक्टरकडे नेलं. “या खोलीत शिकवत राहिलात तर आवाज परत येणार नाही,” असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. गोष्ट सांगायला लागली की पोरांना खिळवून ठेवणारी ही! आता टाळ्या वाजवून हाका मारते म्हणे.

वाटेत म्हटलं, “तुझं उदाहरण देते. तपासणीच धूर करते, म्हणून तपासणीच नको!” ती थांबली. “ताई, मला भाषणात घालू नकोस. रांग नको म्हणून सगळ्या गाड्या मोकाट सोडणार? तुम्हाला सूट मिळेल गं. माझ्या छातीला कोण देणार?”

तिला घरी सोडलं आणि भाषणाचा कागद पुन्हा काढला.

७ मार्च

भाषण फाडलं. दादाला सांगितलं नाही.

८ मार्च, रविवार

सभागृह खच्चून भरलेलं. नव्या-जुन्यांची माफी अन्याय आहे — इथवर टाळ्या. मग म्हटलं, आपल्याला सूट नको, त्यांचीही काढा. सगळ्यांची तपासणी करा, वेळ ठरवून करा. आणि तोवर रांगेत इंजिन बंद ठेवा.

मग मागून कुणीतरी — “बाई, कुणाच्या बाजूनं बोलताय?” दुसरा — “यांची गाडी नापास होऊ द्या, मग ऐकू!” एवढी वर्षं बोलते आहे, भाषणात असं अडवलं जाण्याची ही पहिलीच वेळ. तरी धाकटीचं नाव घेतलं नाही.

दादा भाषण संपायच्या आधीच उठून गेला.

१० मार्च

दादा फोन उचलत नाही. धाकटीनं बालवाडीत राजीनाम्याचं विचारून ठेवलंय.

१२ मार्च, गुरुवार

संध्याकाळी दादा दारात. “नापास झालो. दुरुस्ती होईपर्यंत भाडं बंद.” मी तोंड उघडलं, तर म्हणाला, “तुझ्या भाषणासाठी नाही केलं. बालवाडीच्या काचेतून धाकटी दिसत होती. गोष्ट सांगत होती बहुतेक. तोंड हलत होतं, पण पोरं दुसरीकडेच बघत होती. मी बंद केली गाडी. अख्ख्या रांगेत एकट्यानं. मागचे हसले.”

उद्या माझ्या गाडीचा नंबर आहे. वक्तेबाई, रांगेत लागलात की किल्ली काढा!