हिरव्या पाटीची काळी पाटी कशी झाली

तीर्थरूप अण्णांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार कृपया शब्दशः घ्यावा, कारण गेले दोन दिवस मी बराचसा पालथाच आहे आणि हे पत्रही पालथं पडूनच लिहितो आहे. (अक्षर त्यामुळे असं आलंय. एरवी माझं अक्षर चांगलं आहे, नकाशावरच्या नावांसाठी आमच्या कचेरीत मलाच बोलावतात.) आईंची तब्येत बरी असेल. तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनला चार महिने झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं जिन्याचं पथ्य तुम्ही पाळत असालच, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. इकडे सर्व ठीक. तुमची कन्या मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे, माझ्याकडे बघून तिला मधूनमधून हसू येतं आणि मग ती स्वयंपाकघरात निघून जाते.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमच्याकडचा फोन आधी आई उचलतात आणि त्यांना गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागते, आणि ही गोष्ट सुरुवातीपासून सांगितली तर त्या शेवटापर्यंत थांबणार नाहीत. शिवाय चौतीस वर्षं तुम्ही लोकांची पत्रं सायकलवरून पोचवलीत, तेव्हा तुम्हालाही एखादं यावं, असा विचार केला.

तर विषय आमच्या जंगलातल्या नव्या सायकलवाटेचा. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तिचं उद्घाटन आहे आणि पहिले स्वार म्हणून तुम्ही उतरणार आहात. ही कल्पना माझीच होती, हे मी नाकारत नाही. विभागप्रमुख म्हणाले, वाट सोपी आहे हे लोकांना पटायला हवं, एखादे वयस्कर गृहस्थ मिळाले तर फार बरं. माझ्या तोंडून निघून गेलं, की आमचे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत, जन्मात सायकलवरून पडलेले नाहीत. (लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात तुम्ही मला हे सांगितलं होतंत आणि वर माझे हात बघून विचारलं होतंत, ‘दिवसभर काय, पेन्सिलच का?’ ते मी विसरलेलो नाही. तुम्हाला बोलावून माझी पेन्सिल किती लांब पोचली ते दाखवावं, हाही थोडा हेतू होता.) वाट सोपी आहे हे मी छातीठोकपणे सांगितलं, कारण ती सोपी आहे हे ठरवणारा मीच.

आता हे ठरवतात कसं ते सांगतो. नकाशात डोंगर दाखवायला सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा काढतात. एका रेषेवरून दुसरीवर गेलं की ठरावीक उंची उतरली असं समजायचं. आमच्या वाटेनं वरून खालपर्यंत बारा रेषा ओलांडल्या. कचेरीतल्या सगळ्या जुन्या नकाशांत दोन रेषांमध्ये दहा फूट असतात, बावीस वर्षं मी दहा फूटच धरत आलो. बारा दाहे एकशेवीस. एकशेवीस फूट म्हणजे बारा मजली इमारत, आणि ती दीड किलोमीटरभर हळूहळू उतरायची. म्हणजे उतार कसला, अंगणाला पाणी वाहून जायला देतात तेवढा. मी वर्गीकरणाच्या रकान्यात ‘सोपी, सर्व वयांसाठी’ असं लिहिलं आणि त्या आधारावर हिरवी पाटी रंगवून आली. सोप्या वाटेला हिरवी, मध्यमला निळी आणि ज्यांना आयुष्याचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी काळी.

राहिली होती फक्त शेवटच्या कागदावरची माझी सही. ती मी बुधवारी करणारच होतो, पेनाचं टोपण काढलं होतं, तेवढ्यात मुकादमबाई आल्या. वाट बांधली ती यांनी. चौदा माणसं, फावडी, पहारी आणि दोन पावसाळे. जमिनीकडे बघून कुठे वळण घालायचं ते त्या सांगतात. नकाशा मांडला तर त्यावर चहाचा कप ठेवतात. कागदाकडे न बघता म्हणाल्या, “साहेब, तुम्ही उतरलात का एकदा तरी?”

मी म्हणालो, वर्गीकरण कागदावरून होतं.

“कागदावरून कोण पडलंय आजवर?” त्या म्हणाल्या. “सही करणाऱ्यानं एकदा उतरावं. उद्या सकाळी आठला. फुल पँट घाला, जुनी.”

मला ही अट नवीन होती. विभागप्रमुखांकडे गेलो, तर ते म्हणाले, अशी अट नाही, पण त्यांच्याशी वाद घालायला मी येणार नाही. तेव्हा गुरुवारी सकाळी आठ वाजता मी डोंगरमाथ्यावर होतो. (वर न्यायला जीप होती. वर जाताना ड्रायव्हरनं दोनदा पहिला गिअर टाकला, तेव्हाच माणसानं शहाणं व्हायला हवं होतं.)

अण्णा, या सायकली तुमच्या सायकलीसारख्या नसतात. हिला मागे कॅरिअर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, म्हणजे सायकलीत जे जे समजूतदार असतं ते काढून टाकलंय आणि टायर मात्र ट्रॅक्टरकडून मागून आणल्यासारखे. हँडलवर एक खटका असतो, तो दाबून वर बसलं की सीट खाली जाते. पुन्हा दाबून बूड उचललं की सीट वर येते. ही सोय कोणी आणि का केली ते मला माहीत नाही. उतारावर पायांवर उभं राहायचं असतं, तसा मी राहिलो, आणि ब्रेक समजून नेमका तो खटका दाबला. सीट मोठ्या उत्साहानं वर आली. नंतर मी बसलो. तपशील देत नाही, तुम्ही वडीलधारे आहात.

पहिला टप्पा खरं तर फार सुंदर आहे. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, मऊ तांबूस माती, आणि वळणांना बाहेरच्या अंगानं मातीचे बांध असे घातलेत, की सायकल आपोआप कलते आणि आपोआप सरळ होते. पहिली तीन वळणं मी अशी घेतली, की मला वाटलं, आपण उगीच बावीस वर्षं टेबलाशी घालवली. मुकादमबाई पुढे होत्या. (त्या पन्नाशीच्या आहेत आणि उतरताना एका हातानं डोक्याचा रुमाल सारखा करतात.) त्यांनी मागे ओरडून एकच नियम सांगितला: नजर पुढे ठेवा, जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. हा नियम शंभर टक्के खरा आहे. मी एका झाडाकडे बघितलं. एवढ्या मोठ्या जंगलात ते एकच झाड मला का दिसावं? पण त्या झाडाला मी खांदा घासून गेलो आणि पुढे फळ्यांच्या अरुंद पुलावर आलो, पुलाकडे बघायला हवं होतं, तर पुलाखालच्या चिखलाकडे बघितलं. तिथेही नियम पाळला गेला. निम्मा पूल मी पुलावरून ओलांडला, उरलेला चिखलातून.

तिथून पुढे वाट एकदम खाली तोंड करते. दगडांच्या पायऱ्या आहेत, पायऱ्या म्हणजे शिडीच्या चुलतबहिणी, आणि त्यांच्या तळाशी एका म्हशीएवढ्या धोंड्याला वळसा घालून काटकोनात वळायचं. मी दोन्ही ब्रेक पूर्ण आवळले. मागचं चाक पुढे काय चाललंय ते बघायला बाजूनं आलं. मग सायकल धोंड्याच्या डावीकडून गेली आणि मी उजवीकडून, आणि खाली ज्यावर बसलो ते गवत नव्हतं.

मुकादमबाई परत आल्या. “लागलं का?”

“नाही.”

“मग उठा की.”

“उठता येत नाही.”

“मग लागलंय,” त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसून पाण्याची बाटली दिली. मी विचारलं, वाट संपते तो ओढा आता जवळच असेल ना? त्या म्हणाल्या, छे, अजून साठ मीटर खाली आहे.

मीटर? मी म्हटलं, अहो, सगळी टेकडीच मुळात एकशेवीस फूट.

“फूट?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की डोक्याला मार लागलाय का ते ताडून बघत असाव्यात. “एकशेवीस मीटर आहे ही. चौदा माणसांनी खालून वर दगड वाहिलेत, त्यातल्या कुणालाही विचारा.”

अण्णा, तिथे बसल्या बसल्या मला तो नकाशा डोळ्यांपुढे दिसला. जुना नव्हता तो. गेल्याच वर्षी आलेला, कोरा करकरीत, कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं, उंची मीटरमध्ये. ते अक्षर एवढं सुबक होतं, की मी त्याचं कौतुक केलं होतं. कौतुक केलं, वाचलं नाही. बारा मजली इमारत म्हणून मी चाळीस मजली डोंगर हिरव्या पाटीखाली लोकांना देत होतो, आणि त्याच्या टोकावरून पहिले ढकलणार होतो तुम्हाला. चार महिन्यांच्या गुडघ्यासकट. मला त्या पायऱ्यांवर तुम्ही दिसलात, गळ्यात हार, आणि खाली टाळ्या वाजवायला उभ्या असलेल्या आई. खरं सांगतो, त्या वेळी दुखायचं थांबलं. आणि पाठोपाठ इतकं हलकं वाटलं, की मी हसायलाच लागलो. सही अजून व्हायची होती! मुकादमबाईंनी माझं हेल्मेट काढून डोकं चाचपून बघितलं.

उरलेला डोंगर मी सायकलचा हात धरून चालत उतरलो. तसाच चिखलासकट विभागप्रमुखांपुढे उभा राहिलो (बसा म्हणाले, नको म्हणालो) आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी एकच विचारलं, कागदावर सही झाली होती का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग ही चूक नव्हेच, याला प्रत्यक्ष पाहणी म्हणतात. आणि पाहणी करणारा म्हणून माझं नाव वर कळवलं. मी आयुष्यात इतका निर्दोष कधी सुटलो नव्हतो. त्याच दुपारी हिरवी पाटी उतरवली. काळी रंगवायला टाकली आहे. आज दोन दिवस पालथं पडून मी छताऐवजी उशीचा अभ्रा बघतोय, पण झोप अशी लागते, की तुमची कन्या श्वास चालू आहे ना ते बघून जाते.

आईंना नमस्कार. त्यांना एवढंच सांगा, की जावई कामात आहे.

तुमचा आज्ञाधारक
जावई

ता. क. एवढं सगळं लिहून मुख्य गोष्ट राहिलीच. अण्णा, त्या रविवारी तुम्ही उतरू नका. फीत कापा, भाषण करा, हवं तर पाऊण तास करा. पण सायकलवर बसू नका. तुमच्या कन्येचं म्हणणं, ‘अवघड आहे, उतरू नका’ असं अण्णांना लिहिलंस तर ते पहिल्या बसनं येतील. म्हणून मी असं लिहितो, की वाट अवघड नाही, जावई घाबरट आहे. त्याच्यासाठी तरी ऐका.

ता. क. २. पत्र पाकिटात घालून पत्ता लिहून ठेवला होता, तेवढ्यात मुकादमबाई समाचाराला घरी आल्या. पाकिटावरचं नाव वाचून हसत सुटल्या. “अहो, हे तर आपले पोस्टमनकाका. मंगळवारी येऊन गेले की.”

मंगळवारी, अण्णा! आईंना तुम्ही गुडघ्याच्या तपासणीला जातो म्हणून सांगितलं होतंत ना? नव्या हद्दीत टपाल वाटायच्या आधी एकदा रिकाम्या पिशवीनं फिरून यायचं, ही तुमची जुनी सवय, असं त्यांना म्हणालात म्हणे. त्यांच्या माणसाची सायकल मागून घेतलीत आणि त्यांचं न ऐकता उतरलात. पुढचं त्यांनी मला सांगायचं नाही असं तुम्ही वदवून घेतलं होतंत, पण त्या म्हणाल्या, आता तुमचंही तेच झालंय, मग लपवायचं काय. पडून उठल्यावर तुम्ही गुडघा चोळत म्हणालात, “आमच्या जावयाचा हिशेब कुठेतरी चुकलाय. पण मी सांगितलं तर त्याला वाटेल, सासऱ्यानं पुन्हा पेन्सिल काढली. सही करण्याआधी त्यालाच एकदा उतरवा, हुशार आहे, त्याला कळेल.”

हे ऐकून मी पाकीट पुन्हा उघडलं. पत्र आता बदलत नाही, एवढं पुन्हा लिहायचं त्राण नाही. फक्त ‘हुशार’ हा शब्द तुम्ही खरंच वापरलात का, ते सवडीनं कळवा.

ता. क. ३. आईंना मंगळवारचं मी सांगणार नाही. बदल्यात तुम्ही फीत कापून खुर्चीवर बसायचं. गुडघा डॉक्टरांना दाखवा, या वेळी खरंच. गर्दी ओसरली, की एखाद्या सकाळी आपण दोघं त्या वाटेनं जाऊ, सायकली घरी ठेवून, पायी, सावकाश. मी पडलो ती जागा तुम्हाला दाखवीन म्हणतो. मुकादमबाई म्हणतात, दाखवावी लागणार नाही.